उपनगरांतील दोन प्रयोगशाळा आणि तीन वनस्पती

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सांगावयाचा झाला, म्हणजे आपण रेल्वेचे रूळ, वाढत गेलेल्या वसाहती, कारखाने, शाळा, मंदिरे आणि धर्मशाळा यांचा उल्लेख आवर्जून करतो. तो योग्यच आहे. परंतु या इतिहासाचे एक पान बहुधा कोरेच राहून जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम रेल्वेवरील गोरेगाव आणि मध्य रेल्वेवरील मुलुंड या दोन उपनगरांत औषध-संशोधनाची दोन मोठी केंद्रे उभी राहिली. तेथे झालेल्या कामाची दखल जगभरच्या शास्त्रज्ञांनी घेतली. पण त्या इमारतींसमोरून रोज स्टेशन गाठणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची वार्ताही नव्हती. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मागे वळून पाहताना ते पान वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत आपल्या देशातील औषधांचा व्यवसाय मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या हाती होता. परदेशात शोधलेले औषध येथे आणावे, त्याच्या गोळ्या वा बाटल्या भराव्यात आणि विकाव्यात, असा सर्वसाधारण क्रम असे. नवे औषध मुळापासून येथेच शोधावे, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. गोरेगाव येथे स्विस कंपनी सिबाने उभारलेल्या संशोधन केंद्राचे उद्घाटन १९६३ साली पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले, यावरून त्या घटनेचे महत्त्व ध्यानात यावे. केंद्राचे संचालकपद मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ डॉ. टी. आर. गोविंदाचारी यांनी स्वीकारले. वनस्पतींतील अल्कलॉइड द्रव्यांवरील त्यांच्या कामाला १९६० साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला होता.

गोरेगावात तयार झालेल्या नव्या संयुगांच्या सांकेतिक क्रमांकाला ‘गो’ ही अक्षरे जोडली जात. परदेशी शोधनिबंधांतून ‘सी ९३३३-गो’ अशी नोंद आढळते, ती याच केंद्राची खूण. हे संयुग अंकुशकृमी आणि शिस्टोसोमा या परजीवी कृमींवर तपासले गेले. विषण्णतेवरील नायट्रॉक्साझेपीन आणि आमांशावरील सॅट्रानिडाझोल ही औषधेही गोरेगावचीच देणगी होय.

नरक्याची कहाणी

याच केंद्रातील डॉ. गोविंदाचारी आणि डॉ. एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सह्याद्रीच्या जंगलांत नरक्या नावाचे एक लहान झाड वाढते. त्याच्या दुर्गंधामुळे त्याला हे नाव पडले असे म्हणतात. शास्त्रीय नावातही त्या दुर्गंधाचा उल्लेख होता. या झाडात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य चांगल्या प्रमाणात आहे, असे या दोघांनी दाखवून दिले.

या द्रव्याचा आधीचा इतिहास समजल्यावाचून या शोधाचे मोल कळणार नाही. कॅम्पटोथेसिन प्रथम सापडले ते एका चिनी वृक्षात. अमेरिकेत डॉ. मनरो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी यांनी ते वेगळे करून १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. यांपैकी डॉ. वाणी हे आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली जन्मलेल्या वाणींनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे ते अमेरिकेस गेले. टॅक्सॉल या कर्करोगावरील सुप्रसिद्ध द्रव्याच्या शोधातही त्यांचा बरोबरीचा वाटा होता. २०२० साली त्यांचे निधन झाले.

कॅम्पटोथेसिनने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मरत. म्हणून ते रुग्णांना देऊन पाहण्यात आले. परंतु मूत्राशयाला व अन्य अवयवांना होणारा अपाय इतका तीव्र होता, की १९७०च्या दशकात या चाचण्या थांबवाव्या लागल्या. कोणीही म्हणावे, की प्रयत्न फसला. तथापि १९८५ साली असे उघडकीस आले, की हे द्रव्य पेशीतील टोपोआयसोमरेज नावाच्या एका विशिष्ट विकरास अडवते. आपल्या आनुवंशिक द्रव्याचा पीळ उलगडताना हे विकर त्याचा एक धागा क्षणभर तोडते आणि पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन त्या जोडणीत आडवे येते. त्यामुळे वेगाने विभागणारी पेशी आपल्याच तुटलेल्या धाग्यांमुळे मरते. हे मर्म कळताच रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत फेरफार करून तो अधिक सुसह्य केला. इरिनोटेकॅन या औषधाला १९९४ साली जपानमध्ये आणि १९९६ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. टोपोटेकॅनला अमेरिकेत १९९६ सालीच मिळाली. मोठे आतडे, बीजांडकोश आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांवर ही औषधे दिली जातात. रेणूचा शोध आणि रुग्णाच्या शिरेतील औषध यांच्यात जवळजवळ ३० वर्षांचे अंतर पडले.

माईनमुळाची कहाणी

आता मुलुंडकडे वळू. येथे जर्मन कंपनी हेक्स्टचे संशोधन केंद्र होते. आयुर्वेदात आणि लोकव्यवहारात वापरल्या जाणाऱ्या वनस्पती गोळा कराव्यात, त्यांचे अर्क काढावेत, त्यांचा परिणाम तपासावा आणि ज्या अर्कात गुण दिसेल त्यातून नेमके कोणते द्रव्य काम करते ते शोधावे, असा तेथील एक मोठा उपक्रम होता. त्यात माईनमूळ ही वनस्पती पुढे आली. घरातील कुंडीत लावतात त्या पानओव्याची ही जवळची नातलग. गुजराती बांधव तिला गरमर म्हणतात आणि तिच्या मुळांचे लोणचे आवडीने घालतात. कंदमूळ म्हणून आपल्या घरांत ते वर्ज्य असले, तरी शेजाऱ्यांच्या बरणीत ते आपण पाहिलेले असते.

डॉ. सुजाता भट, डॉ. नोएल डिसूझा आणि त्यांच्या भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी या मुळांतील मुख्य द्रव्याची रचना १९७७ साली प्रसिद्ध केली. त्याला फोर्स्कोलिन हे नाव मिळाले. ते रक्तदाब उतरवते आणि हृदयाच्या आकुंचनाला बळ देते, हे औषधशास्त्रज्ञांनी दाखवले. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही या वनस्पतीवर स्वतंत्रपणे काम चालू होते. मुलुंडच्या मंडळींनी या कुळातील इतर अनेक वनस्पती तपासून पाहिल्या. त्यांत हे द्रव्य सापडले नाही.

फोर्स्कोलिनचे खरे महत्त्व १९८१ साली अमेरिकेतील डॉ. केनेथ सीमन, डॉ. विल्यम पॅजेट आणि डॉ. जॉन डॅली यांनी उलगडले. शरीरातील अनेक संप्रेरके पेशीच्या आत शिरत नाहीत. ती बाहेरूनच निरोप देतात आणि पेशीच्या आवरणातील एक विकर तो निरोप आत पोहोचवण्यासाठी सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार करते. फोर्स्कोलिन हे कोणत्याही संप्रेरकाची वाट न पाहता त्या विकरालाच थेट कामाला लावते. असे करणारे साधन तोवर शास्त्रज्ञांच्या हाती नव्हते. पेशी एकमेकींशी कशा बोलतात, याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिनची कुपी तेव्हापासून आजतागायत नित्याची झाली आहे.

औषध म्हणून मात्र त्याचा मार्ग सोपा नव्हता. ते पाण्यात विरघळत नाही, आणि ज्या विकरावर ते काम करते ते शरीरात जवळपास सर्वत्र असल्याने परिणाम एकाच अवयवापुरता ठेवणे अवघड जाते. अखेर जपानमध्ये त्याचे पाण्यात विरघळणारे रूप तयार झाले आणि हृदयाच्या तीव्र अकार्यक्षमतेसाठी त्याला १९९९ साली तेथे परवानगी मिळाली. अलीकडे याच मुळाचा अर्क वजन उतरवण्याची हमी देऊन विकला जातो. त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही, आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी तो वैद्यांच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, हेही येथेच नमूद करणे आवश्यक वाटते.

तिसरी वनस्पती कडुनिंबाच्या कुळातील एक वृक्ष होय. तो पश्चिम घाटातही आढळतो. त्यातील रोहितुकीन या द्रव्यावरील मुलुंडचे काम १९८८ साली प्रसिद्ध झाले. शोध चालला होता सूज उतरवणाऱ्या औषधाचा. परंतु त्या द्रव्याच्या धर्तीवर घडवलेला फ्लॅव्होपिरिडॉल हा रेणू पेशीविभाजनाचे चक्र रोखतो असे दिसून आले. अशा प्रकारच्या रेणूंपैकी मनुष्यावरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेला तो पहिला. तो सर्वसाधारण वापराचे औषध होऊ शकला नाही. पण त्याने दाखवलेल्या वाटेने पुढे इतरांनी स्तनाच्या कर्करोगावरील उपयुक्त औषधे घडवली.

शोधाची किंमत

येथे दोन गोष्टी झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली गोष्ट जंगलाची. नरक्यातील द्रव्याला जागतिक बाजारात भाव आला, आणि ज्या झाडाकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते त्यावर कुऱ्हाड पडू लागली. कोल्हापूर, सिंधुदुर्ग भागांतील जंगलांतून नरक्याची चोरटी तोड झाली व पोती भरभरून माल बाहेर गेला. आज ही जात धोक्यात आलेल्या वनस्पतींत गणली जाते. दूरच्या रुग्णाचे प्राण वाचावेत यासाठी सह्याद्रीतील झाड मुळासकट उपटले जाते, आणि त्याचा मोबदला ना जंगलाला मिळतो ना जंगलाजवळच्या माणसाला. त्यावर उपायही विज्ञानच शोधत आहे. या झाडाच्या आत राहणारी एक बुरशीदेखील हेच द्रव्य तयार करते, असे जम्मू येथील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवले. मात्र झाड न तोडता गरज भागवण्याइतकी मजल अजून गाठावयाची आहे.

दुसरी गोष्ट प्राण्यांची. फोर्स्कोलिनने रक्तदाब उतरतो हे प्रथम प्राण्यांवरील प्रयोगांतूनच कळले. अहिंसेचे संस्कार घेऊन वाढलेल्या वाचकाच्या मनाला हे बोचणारच, आणि बोचावेही. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची व्यवस्था आणली. परंतु केवळ नियमाने प्रश्न सुटत नाही. पर्याय हाती असावा लागतो. आणि येथे माईनमुळाची कहाणी एक अनपेक्षित वळण घेते. २०१३ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांच्या आतड्याचा कणभर तुकडा घेऊन त्यापासून प्रयोगशाळेत सूक्ष्म गोलक वाढवले. त्यांवर फोर्स्कोलिन घातले की निरोगी माणसाचे गोलक फुगतात, रुग्णाचे फुगत नाहीत. आणि योग्य औषध मिळाले तर रुग्णाचेही फुगू लागतात. कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे अशा रीतीने प्राण्याला स्पर्श न करता अजमावता येते. भारतातही २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन अशा प्राणीविरहित पद्धतींना मान्यता मिळाली. मुलुंडच्या ज्या शास्त्रज्ञांनी ते मूळ दळले, त्यांच्या मनात हा उपयोग येणे शक्यच नव्हते.

पुढे काय झाले

सिबा आणि गायगी या कंपन्या १९७०मध्ये एक झाल्या. १९९६ साली त्यांत सॅन्डोझ मिळून नोव्हार्टिस झाली. १९९९मध्ये हेक्स्टचेही विलीनीकरण होऊन अ‍ॅव्हेंटिस झाली. दरम्यान १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी मिळणे बंद झाले होते. त्यामुळे आपल्या देशात औषधे स्वस्त झाली, हा त्या कायद्याचा मोठा लाभ. पण परदेशी कंपन्यांना येथे नवे औषध शोधण्यात रस उरला नाही, हे त्याचे दुसरे अंग. गोरेगावचे केंद्र कालांतराने बंद झाले. मुलुंडचे केंद्र १९९८ साली निकोलस पिरामल या भारतीय कंपनीकडे आले आणि रोहितुकीनच्या वंशातील नव्या रेणूंवर काही काळ पुढे काम झाले.

हिशेबाच्या वहीत पाहिले तर या दोन केंद्रांच्या नावावर जगभर खपलेले एकही औषध दिसणार नाही. परंतु संशोधनाचा हिशेब एका पिढीत मांडता येत नाही. गोरेगावात ओळखलेल्या झाडाने परदेशातील रुग्णांची औषधे पुरवली, मुलुंडच्या मुळाने जगाला पेशीची भाषा शिकवली, आणि एका फसलेल्या रेणूने दुसऱ्यांना मार्ग दाखवला. पेरणारा एक, राखणारा दुसरा आणि फळ तिसऱ्याच्या ओंजळीत, हा क्रम सार्वजनिक काम करणाऱ्यांना अपरिचित नाही.

या केंद्रांत काम केलेली अनेक मंडळी, केवळ शास्त्रज्ञच नव्हेत तर प्रयोगशाळा-साहाय्यक, ग्रंथपाल आणि वनस्पती गोळा करणारेही, आज वृद्धापकाळात आपल्याच उपनगरांत राहत असतील. त्यांच्या आठवणी, छायाचित्रे आणि टिपणे कोणी जमा करून ठेवल्याचे दिसत नाही. आपल्यापैकी कोणाच्या इमारतीत, कोणाच्या नात्यात असे कोणी असेल, तर एखाद्या दुपारी त्यांच्यापाशी बसावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. आपल्या उपनगरांच्या इतिहासातील हे कोरे पान भरण्याची संधी अजून काही वर्षेच उरली आहे.