पिंपरीचे पेनिसिलीन आणि खुल्या ज्ञानाचे देणे

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातला एक जुना वाद : जे विनामूल्य मिळाले, त्याबद्दल वापरणारा काय देणे लागतो? १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीपीएल परवान्यातून एक उत्तर दिले. बदल करून पुढे वाटायचे, तर तेही त्याच अटींवर खुले ठेवा. पिंपरीत हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी उभा राहिला होता, तोही एका बुरशीमुळे.

१९४१. ऑक्सफर्डचे हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली पेनिसिलीनची बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. अर्न्स्ट चेन यांचा आग्रह असूनही ऑक्सफर्डने पेटंट घेतले नव्हते. पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत हीटली यांनी आपली सारी पद्धत अँड्र्यू मॉयर यांना शिकवली. मक्याच्या स्टार्च उद्योगातील उरलेला द्रव वापरून तेथे उत्पादन अनेक पटींनी वाढले. पण मॉयर यांच्या शोधनिबंधातून हीटली यांचे नाव गळाले, आणि पुढे मॉयर यांनी पेटंटसाठी अर्ज केले ते थेट ब्रिटनमध्ये. ज्याने बियाणे दिले, त्याच्याकडेच खंड मागावा, असा हा प्रकार!

या पार्श्वभूमीवर पिंपरीचा कारखाना वेगळा ठरतो. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला, म्हणजे पिंपरीकरांच्या 'एच. ए.'ला, युनिसेफने यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ पुरवले. मदतीमागील सूत्र स्पष्ट होते : हे ज्ञान कुलूपबंद ठेवायचे नाही. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले.

स्ट्रेप्टोमायसिनची कथा निराळी. ते तंत्र १९५८ साली अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार करून घ्यावे लागले. एकाच आवारात खुले ज्ञान आणि विकतचे ज्ञान शेजारी शेजारी नांदू लागले.

मग पिंपरीने परत काय दिले? त्याच १९५८ साली 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' हे शोधपत्र निघाले. औषधांच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक परतफेडीचा सर्वांत सरळ मार्ग तोच होता, कारण कारखान्यातील संशोधन त्यातून बाहेरच्यांनाही वाचता येऊ लागले. एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने बुरशीजन्य रोगांवरील हमायसिन आणि पिकांसाठीचे ऑरिओफंगिन शोधले. हमायसिन देणाऱ्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव आहे 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. ऑक्सफर्डहून निघालेल्या त्या देवघेवीत पिंपरीची नोंद या नावाने झाली.