बाटली, नळी आणि बोंडले

अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीची सवय कशी लावावी, हा प्रश्न बाळंतपणाची रजा संपत आली की अनेक आयांपुढे उभा राहतो. बाटली तोंडाशी नेताच बाळ निपल जिभेने बाहेर ढकलते, मान फिरवते, रडते. घरातील मंडळी याला हट्ट म्हणतात. खरे कारण शरीराच्या कार्यात आहे. अंगावर पिताना बाळ आधी काही वेळ नुसतेच भरभर चोखते. त्या स्पर्शाचा संदेश आईच्या मेंदूकडे जातो, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात मिसळते आणि मग पान्हा फुटतो. बाटलीत मात्र निपल तोंडात जाताच दूध येऊ लागते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला नव्याने घालावा लागतो.

वरचे दूध पाजण्याची अडचण फार जुनी आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात लहान मुलांच्या थडग्यांत चोच असलेली मातीची छोटी भांडी सापडली. ती इसवी सनापूर्वी १२०० ते ४५० या काळातील आहेत. त्यांपैकी तीन भांड्यांत मुरलेल्या स्निग्ध पदार्थांचे विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश आढळले.

पुढे रबर आले. १८४५ साली अमेरिकेत एलिजा प्रॅट यांनी रबरी निपलचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-फ्रान्समध्ये लांब रबरी नळीची काचेची बाटली घरोघरी दिसू लागली. बाटली शेजारी ठेवायची आणि नळीचे टोक बाळाच्या तोंडात द्यायचे. आई कामात असली तरी बाळ आपले आपण पीत राही. सोय मोठी होती, पण नळीच्या आत ना बोट पोहोचे, ना नजर. आत चिकटलेल्या दुधात जंतू वाढत आणि पुढच्या प्रत्येक घोटाबरोबर बाळाच्या पोटात जात. जुलाबाने बाळे दगावत. या बाटल्यांना पुढे ‘खुनी बाटल्या’ असे नाव पडले.

द्रव पदार्थ नासतात ते सूक्ष्मजीवांमुळे, हे पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दाखवले होते. १८८६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी बाळांचे दूध बाटलीतच तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत सुचवली. १८९४ साली फ्रान्समधील फेकां गावात डॉ. लिऑन ड्युफूर यांनी ‘दुधाचा थेंब’ नावाचे केंद्र काढले. तेथे निर्जंतुक दूध मिळे आणि बाळांचे वजनही होई. केंद्राचे ब्रीद मात्र ‘याहून चांगले नाही म्हणून’ असे होते! आईचे दूधच श्रेष्ठ, हे दूध वाटणारेच सांगत होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन अँड हॅनबरीज कंपनीने दोन्ही टोकांना उघडणारी, नावेच्या आकाराची बाटली आणली. तिच्यातून पाणी आरपार जाई. १९१० साली फ्रान्सने नळीच्या बाटल्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी घातली.

विसाव्या शतकात बाटली आणि डब्यातील दूध जाहिरातींच्या जोरावर जगभर पोहोचले. स्वच्छ पाणी आणि पुरेसे जळण मात्र सगळीकडे पोहोचले नव्हते. गरीब घरात महागडे दूध पुरवून वापरण्यासाठी पातळ केले जाई. १९३९ साली सिंगापूर येथील भाषणात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी या विक्रीवर कडक टीका केली. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता स्वीकारली. भारताने १९९२ साली कायदा करून बाळांसाठीच्या पर्यायी दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली.

आता आपले बोंडले आठवा. उघडे, उथळ, एका बाजूला चोच. त्याचा प्रत्येक कोपरा दिसतो आणि बोटाने घासता येतो. ज्यांना चोखता येत नाही अशा नवजात बाळांना आजही रुग्णालयांत वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यासारख्या भांड्याने दूध पाजतात. कामावर जाणाऱ्या आईनेही आपले दूध काढून ठेवले, तर ते याच रीतीने पाजता येते. बाटलीच वापरायची झाली, तर ती घासून, उकळून घ्यावी. बाळ भुकेने कासावीस होण्याआधी, शांतपणे, थांबत थांबत पाजावे. पहिले काही दिवस ते नाकारील. जबरदस्ती करू नये.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. एक वाटी आणि एक बारीक, लांब प्लॅस्टिकची नळी घ्या. दोन्हींत दूध भरून ओतून टाका आणि साध्या पाण्याने एकदाच विसळा. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना दोन्हींचा वास घ्यायला सांगा. चव मात्र कोणी घेऊ नये. मग विचारा : जंतू डोळ्यांना दिसत नव्हते, त्या काळातल्या आईने चांगले भांडे कसे ओळखायचे?