गुलछडीचं माहेर

निशिगंध हे झालं पुस्तकातलं नाव. आमच्या दौंडाकडं सगळे गुलछडीच म्हणतात. एक नाव संस्कृत, दुसऱ्यातलं ‘गुल’ फारसी. त्यामुळं कुणालाही वाटावं, हे फूल आजेपणजांपासून इथलंच. पण जुन्या संस्कृत काव्यात ते सापडायचं नाही. त्याचं माहेर मेक्सिको. तिथले अ‍ॅझटेक लोक त्याला त्यांच्या भाषेत ‘हाडाचं फूल’ म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते समुद्रापार नेलं आणि पुढं युरोपियनांच्या मागोमाग ते आपल्याकडं पोचलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या बागेत ते इतकं लावलेलं होतं की वासानं माणसांना तिथं थांबवेना, असं त्याच्या दरबारातल्या एकानं लिहून ठेवलंय.

आमच्या शेताच्या बांधावर घायपात होता. पानं तोडून आजोबा वाख काढायचे, दोर वळायचे. हा घायपातही मेक्सिकोकडचाच. आणि अलीकडं वनस्पतीशास्त्रज्ञांनी निशिगंधाला घायपाताच्याच जातीत नेऊन बसवलंय! म्हणजे बांधावर एक भाऊ काटे परजून उभा आणि आत वाफ्यात दुसरा वास सोडत. दोघं एकाच गावचे, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं?

गुलछडी आईनं निवडली. वडिलांचा ओढा उसाकडं. पण उसाचा पैसा वर्ष-दीड वर्षानं येणार, तोही वडिलांच्या हातात. गुलछडीचं तसं नाही. लागण केल्यापासून तीनेक महिन्यांनी दांडे निघतात, मग रोजची तोडणी आणि रोजचा पैसा. मीठ-मिरची, वह्या, धाकटीचं औषध, सगळं त्यातून. त्यात एकेरी फूल वासाला उजवं, ते सुटं विकलं जायचं, हारवाले घ्यायचे. दुहेरी दिसायला भरदार, ते दांड्यासकट फुलदाणीत जाणारं. आईनं एकेरीच धरली.

चैत्र-वैशाखात लागण. पाण्याचा निचरा होणारी जमीन पाहिजे, पाणी तुंबलं की कंद कुजलाच. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या कुशीतली पिल्लं पुढं फुलतात. तीन वर्षांत पिल्लांची इतकी दाटी होते की दांडे बारीक पडतात. मग सगळं खणायचं, कंद सावलीत वाळवायचे, मोठे लागणीला आणि बारके बाजूला. आई हे काम दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. तोडणी मात्र आम्हा सगळ्यांची, अंधार असतानाच. ऊन लागलं की फूल मलूल, आणि मलूल फुलाला पुण्याच्या बाजारात कोण विचारतो? ताज्या फुलालाही आडत्या पाण्याचं वजन म्हणून किलोमागं काही ना काही कापायचाच.

1972 ला पाऊस गेला. विहिरीचा तळ दिसला, ऊस वाळला, बैल विकले. वडील खडी फोडायच्या कामावर गेले, आम्ही सुकडी खाऊन राहिलो. माघात आईनं गुलछडीचा वाफा खणला. शेजारीण म्हणाली, “अगं, माणसांना प्यायला न्हाई आन् तू कंद कसली सांभाळतीस?” आई काही बोलली नाही. दोन पोती भरून माळ्यावर कांद्याशेजारी ठेवली. त्याच सुमाराला तिनं गळ्यातली बोरमाळ विकली, कंद मात्र मागणी येऊनही दिले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. उसाचं बेणं आणायला आमच्याकडं पैसा नव्हता. कंद घरात होते. आषाढात ते लावले, आणि दसऱ्याच्या सुमारास पहिली टोपली स्टेशनवर गेली.

आता गावात ‘प्रज्वल’ जात दिसते, बंगळूरच्या संशोधन संस्थेनं काढलेली. कळीवर गुलाबी झाक, दांडा टणक, फूल मोठं. आईच्या वाफ्यातली जुनी एकेरी माझ्या दोन बहिणींच्या सासरी आहे. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाला दोघींनीही ओटीबरोबर पिशवीभर कंद नेले होते.