अनवाणी पायांनीं मिळविलेली जागा

अकरा खेळाडूंच्या संघांत जागा मागून मिळत नाहीं. ती मैदानावर मिळवावी लागते. परंतु मैदानावर पाऊल ठेवूं देणाराच कोणी भेटला नाहीं, तर ती मिळवावी तरी कशी? कलकत्त्याच्या मेटियाब्रूझ भागांत १९०४ सालीं जन्मलेले महंमद सलीम यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर आहे.

सलीम हे मोहमेडन स्पोर्टिंग संघांत उजव्या बगलेवर खेळत. कलकत्त्याची पहिल्या श्रेणीची लीग तोंवर एकाही हिंदी संघानें जिंकली नव्हती. १९३४ सालीं या संघानें ती जिंकली आणि १९३८ पर्यंत सलग पांच वर्षें राखली. त्या काळीं पुष्कळ हिंदी खेळाडू अनवाणी किंवा पायांस नुसत्या पट्ट्या गुंडाळून खेळत. पायाच्या बोटांनीं चेंडू हवा तसा वळवावा, ही त्या पद्धतीची खुबी. आणि पावसानें मैदान निसरडें झालें, कीं बूटवाल्या पलटणींपुढें तोल सावरत नसे, ही तिची उणीव.

१९३६ सालीं चिनी ऑलिंपिक संघाशीं कलकत्त्यास झालेल्या सामन्यांत सलीम चमकले. त्यानंतर स्कॉटलंडांत राहणारे त्यांचे बंधु हाशीम यांनीं त्यांस ग्लासगो शहरीं नेलें व तेथील सेल्टिक संघाकडे त्यांच्यासाठीं शब्द टाकला. हा संघ सामान्य नव्हता. १९३५-३६ ची स्कॉटिश लीग त्यानेंच जिंकलेली होती. व्यवस्थापक विली मेली हे सेल्टिकच्या १८८८ मधील पहिल्या सामन्यांत स्वतः खेळलेले आणि १८९७ पासून संघाची धुरा वाहणारे गृहस्थ. हिंदुस्थानांतील एक खेळाडू बुटांशिवाय खेळतो, हें ऐकून त्यांस नवल वाटलें. तथापि पाहिल्यावांचून निकाल द्यावयाचा नाहीं, एवढा न्याय त्यांनीं केला. संघाच्या जाणकारांसमोर परीक्षा झाली आणि सलीम उतरले.

मात्र ही जागा राखीव संघांतली होती. मुख्य संघाच्या उजव्या बगलेवर जिमी डिलेनी हा नामांकित खेळाडू होता. सामन्यापूर्वीं प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी सलीम यांच्या पायांस पट्ट्या बांधीत. त्या वेळचें छायाचित्र आजही उपलब्ध आहे. हॅमिल्टनविरुद्ध सेल्टिकनें ५-१ असा, तर ऑगस्टच्या अखेरीस गाल्स्टनविरुद्ध ७-१ असा विजय मिळविला. दुसऱ्या सामन्यांतील तीन गोल सलीम यांच्या पासांवरून झाले. पण पेनल्टी मारण्यास सांगतांच संकोचानें त्यांनीं नकार दिला. वर्तमानपत्रांनीं त्यांस चेंडूचा जादूगार म्हटलें.

येथून पुढें डिलेनीच्या जागेसाठीं चुरस व्हावयाची होती; ती झाली नाहीं. सलीम यांस घराची ओढ लागली. संघानें राहण्याचा आग्रह केला, तरी थोड्याच काळांत ते मायदेशीं परतले. मुख्य संघाची जागा त्यांस मिळाली असती कीं नाहीं, हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण बुटांवांचून सेल्टिकच्या संघांत उभें राहतां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें होतें.

पुढें वृद्धापकाळीं सलीम आजारी असतां त्यांच्या मुलानें सेल्टिकला पत्र लिहिलें. उत्तरादाखल शंभर पौंडांची हुंडी आली. ती वटविलीच गेली नाहीं. सलीम १९८० सालीं निवर्तले. दोनच सामन्यांचा तो खेळाडू सेल्टिकच्या स्मरणांत होता, याचा पुरावा तेवढा घरांत राहिला.