पक्ष्याच्या पायातला युनिक आयडी: केस्ट्रेलचा नेस्ट बॉक्स आणि रिंगिंग

अमेरिकन केस्ट्रेल हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात लहान ससाणा. वजन 80 ते 165 ग्रॅम, म्हणजे तुमच्या हातातल्या स्मार्टफोनपेक्षाही कमी. तो घरटं बांधत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली किंवा झाडातली पोकळी शोधतो आणि तिथेच अंडी घालतो. 1966 पासूनच्या सर्वेक्षणांनुसार या पक्ष्याची संख्या जवळपास निम्म्यावर आली आहे. कारण एकच आहे की अनेक, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. त्यामुळे डेटा हवाय, आणि तो मिळतो लाकडी पेट्यांमधून.

पेनसिल्व्हेनियातलं हॉक माउंटन अभयारण्य 1950 च्या दशकापासून अशा पेट्या लावतंय. 2012 मध्ये ‘द पेरेग्रीन फंड’ने अमेरिकन केस्ट्रेल पार्टनरशिप सुरू केली. त्यात सामान्य लोकही आपल्या पेटीच्या नोंदी ऑनलाइन भरतात. पेटी साधीच असते: 3 इंचांचं गोल भोक, 10 ते 20 फूट उंची, समोर मोकळं गवताळ रान, आणि आत रंध्याचा भुसा, कारण हा पक्षी स्वतः एक काडीही आणत नाही.

पेटी कशी तपासतात?

लांब काठीच्या टोकाला छोटा वायफाय कॅमेरा लावून तो भोकाशी नेतात. आतलं चित्र खाली फोनवर दिसतं, शिडी लागत नाही. अंडी 4-5, उबवायला महिनाभर, आणि पुढच्या महिन्याभरात पिल्लं उडायला तयार. नुकतीच अंडी घातली असताना सारखं डोकावलं तर मादी पेटी सोडून जाऊ शकते. शेवटच्या दिवसांत पेटी उघडली तर पिल्लं घाबरून वेळेआधीच उडी मारतात.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पेटी रिकामी दिसली तरी नोंद करायची. ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ यांत काय फरक आहे, हे डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रिकाम्या पेट्या वगळल्या, तर घटणारी संख्याही कागदावर झकास दिसेल.

रिंग म्हणजे प्रायमरी की

पिल्लं साधारण अडीच-तीन आठवड्यांची झाली की रिंग घालतात. तेव्हा पायाची जाडी पूर्ण झालेली असते, त्यामुळे तीच ॲल्युमिनियमची रिंग आयुष्यभर पुरते. नर-मादीही ओळखू येतात: नराचे पंख निळसर राखाडी, मादीचे तांबूस. हे काम परवानाधारकच करतात. अमेरिकेत परवाना आणि रिंगा दोन्ही सरकारी बर्ड बँडिंग लॅबोरेटरी देते. ती 1920 पासून चालू आहे.

रिंगमध्ये चिप नाही, बॅटरी नाही. फक्त एक नंबर. पक्षी कुठे जन्मला, कधी, भावंडं किती, हे सगळं सर्व्हरवर. म्हणजे तो नंबर पुन्हा कुणी वाचलाच नाही तर ती नोंद तशीच पडून राहते. बहुतेक रिंगांचं असंच होतं.

मग जीपीएस का नाही? वजन. टॅग शरीराच्या 3 टक्क्यांच्या आत असावा असा प्रचलित दंडक आहे. 120 ग्रॅमच्या पक्ष्याला म्हणजे 3.6 ग्रॅम, तेही बॅटरीसकट! म्हणून काही ठिकाणी हलके रेडिओ टॅग लावतात आणि मोटस नेटवर्कचे अँटेना त्यांचे सिग्नल पकडतात. पण अँटेनाच्या टप्प्याबाहेर पक्षी गेला की तो दिसेनासा.

आपल्याकडे रिंग दिसली तर?

भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी करते. तिच्या रिंगवर संस्थेला कळवा असा मजकूर कोरलेला असतो. जखमी किंवा मेलेल्या पक्ष्याच्या पायात रिंग दिसली, तर नंबरचा जवळून, स्पष्ट फोटो काढा. तारीख आणि लोकेशन जोडा आणि संस्थेला पाठवा. जिवंत पक्ष्याची रिंग मात्र अजिबात काढू नका.