भोवऱ्यात न सापडणारे विमान

१९४५ साली न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रसिद्ध दुकानात कपडेलत्ते, भांडीकुंडी यांच्या जोडीला दोन आसनांचे एक विमानही विक्रीला ठेवले होते. नाव एरकूप, किंमत ३००० डॉलरच्या किंचित आत. सामान्य गिऱ्हाइकाला विमान विकण्याचे धाडस होण्यामागे त्या विमानातली एक छोटी पाटी होती. हे विमान मुळातच ‘स्पिन’मध्ये जाऊ शकत नाही, अशी ग्वाही तिच्यावर होती आणि ती सरकारमान्य होती.

स्पिन म्हणजे काय? पंख वाऱ्याशी साधारण १५-१६ अंशांपेक्षा जास्त कोन करू लागला की त्याच्यावरचा प्रवाह तुटतो आणि पंखाचा जोर ओसरतो. हा स्टॉल. त्याच वेळी विमान थोडे तिरके असेल तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त ढासळतो आणि विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येते. घाबरलेला वैमानिक साहजिकच चाक मागे ओढतो, आणि नेमके तेच घातक! धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना, वेग कमी आणि जमीन जवळ असताना हे घडले, तर सावरायला उंचीच उरत नाही. जुन्या हलक्या विमानांनी असे कितीतरी बळी घेतले.

फ्रेड वाइक (१८९९-१९९३) हे नाका या सरकारी संशोधन संस्थेतले अभियंते. इंजिनावरच्या आच्छादनाच्या कामामुळे त्यांचे नाव आधीच झाले होते. १९३४ साली त्यांनी काही सहकाऱ्यांना घेऊन, नोकरी सांभाळून, फावल्या वेळात डब्ल्यू-१ हे विमान बांधले. (आपल्यापैकी किती जणांचे गॅरेजमधले प्रकल्प इतके पुढे जातात, हे विचारू नये.) १९३६ मध्ये ते हेन्री बर्लिनर यांच्या एर्को कंपनीत गेले, आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये मेरीलँडमध्ये एरकूप प्रथम उडाले.

त्यांची युक्ती साधी होती. शेपटीवरचा एलेव्हेटर १३ अंशांपेक्षा वर जाऊच द्यायचा नाही. चाक पोटाशी ओढून धरले तरी पंख पुरता स्टॉल होत नाही आणि एलेरॉन काम देत राहतात. शिवाय सुकाणू एलेरॉनलाच जोडून टाकले आणि पायाखालची पेडल्स काढली. चुकीचे सुकाणू मारायला पायच मोकळा ठेवला नाही! चुकीचा आकडा टाइपच करता येऊ नये, असा फॉर्म बनवणाऱ्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा विचार फार जवळचा वाटतो. १९४० मध्ये सरकारी मान्यता मिळाली. पेडल्स नसल्यामुळे पायाने अपंग असलेल्यांनाही हे विमान चालवता येऊ लागले, हे मला त्यातले सर्वांत मोठे यश वाटते.

पण निसर्ग हिशेब चुकता करून घेतोच. आडव्या वाऱ्यात एरकूप तिरकेच उतरवावे लागे. जमिनीला टेकल्यावर तीन चाकांची रचना त्याला सरळ करी. पुढे ४१५-डी या मॉडेलचे मान्य वजन १२६० वरून १४०० पौंड झाले, तेव्हा एलेव्हेटरची मर्यादा ९ अंशांवर आणावी लागली. मग उतरताना नाक हवे तितके उचलेना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चाक पूर्ण मागे ओढून धरले की विमान भोवऱ्यात सापडत नसे, पण धपकन खाली मात्र येई. जमिनीजवळ जीव जायला तेवढे पुरते. पाटी खोटी नव्हती, पण ती स्पिनबद्दल होती. वाचणाऱ्याने ‘अपघात होत नाही’ असा अर्थ लावला तर त्याला वाइक काय करणार?

१९४६ मध्ये चार हजारांहून अधिक एरकूप बनली. त्याच वर्षाअखेरीस खासगी विमानांचा बाजार कोसळला. १९४९ पासून अमेरिकेत खासगी परवान्यासाठी स्पिनचे प्रत्यक्ष शिक्षणही सक्तीचे राहिले नाही. स्पिनमधून बाहेर पडणे शिकवण्यापेक्षा स्टॉल टाळायला शिकवावे, असे धोरण ठरले. वाइक यांचाच विचार, फक्त यंत्राऐवजी माणसावर सोपवलेला.

एरकूपचा आराखडा मात्र या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो मूनीकडे आला. नवशिक्यांना शिकवायचे तर विमान नीट स्टॉल व्हायला हवे, असे मूनीच्या मंडळींचे मत पडले. त्यांनी जुळी शेपटी काढून एकेरी बसवली, विमान इतरांसारखे स्टॉल होईल असे बदल केले, आणि त्याला कॅडेट असे नाव दिले. ते फारसे खपले नाही.