हुसेनसागरच्या काठची एकच शर्यत

11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवर चालणाऱ्या गाड्यांची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. उघड्या चाकांच्या, एका आसनाच्या गाड्यांची एवढ्या वरच्या दर्जाची शर्यत मराठवाड्याच्या इतक्या जवळ त्याआधी झाली नव्हती. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद परके नाही. 1956 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि नांदेड रेल्वे विभाग ज्या दक्षिण मध्य रेल्वेत येतो, तिचे मुख्यालय आजही सिकंदराबादेतच आहे. ही शर्यत कशी आली आणि दुसऱ्याच वर्षी का बुडाली, हे तिच्या कागदांवरून बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

पहिला कागद 17 जानेवारी 2022 चा. त्या दिवशी तेलंगण सरकार, फॉर्म्युला ई आणि ग्रीनको कंपनी यांनी इरादापत्रावर सह्या केल्या. त्यापूर्वीची भारतातली जागतिक दर्जाची मोटारशर्यत म्हणजे 2011 ते 2013 या तीन वर्षांतली ग्रेटर नोएडाची फॉर्म्युला वन. तिच्यासाठी स्वतंत्र ट्रॅक बांधला होता. हैदराबादेत मात्र शहरातलेच रस्ते बंद करून सुमारे 2.8 किलोमीटरचा, 18 वळणांचा मार्ग आखला गेला.

शर्यतीत 11 संघांच्या 22 गाड्या होत्या. त्यांत मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघही होता. सप्टेंबर 2014 मध्ये बीजिंगला फॉर्म्युला ईची पहिली शर्यत झाली, तेव्हापासून हा संघ स्पर्धेत आहे. 2017 मध्ये बर्लिनला फेलिक्स रोसेनक्विस्टने त्याला पहिला विजय मिळवून दिला होता. घरच्या मैदानावर त्याचा ऑलिव्हर रोलँड सहावा आला.

निकालपत्रक समजायला नियमावली हाताशी लागते. त्या हंगामात शर्यतीत गाडीला 300 किलोवॉटपर्यंत शक्ती वापरता येई. ‘अटॅक मोड’ घेतला की ठरावीक वेळापुरती ही मर्यादा 350 वर जाई, पण त्यासाठी नेहमीची ओळ सोडून वळणाच्या बाहेरच्या पट्ट्यावरून जावे लागे. बॅटरीतून किती ऊर्जा खर्चायची तेही आधीच ठरलेले असते. त्यामुळे कुठे वेग सोडायचा आणि ब्रेक लावताना किती वीज परत मिळवायची, यावर चालकाची परीक्षा होते. पहिल्या क्रमांकाला 25 आणि दहाव्याला 1 गुण मिळतो.

ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला तो या हिशोबाच्या बळावर. शेवटच्या फेऱ्यांत त्याच्याकडे मागच्या निक कॅसिडीपेक्षा कमी ऊर्जा उरली होती, तरी त्याने आघाडी सोडली नाही. तिसरा मात्र पंचांच्या कागदावर ठरला. रेषा तिसऱ्या क्रमांकाने ओलांडली सेबास्तियन बुएमीने, पण मंजूर मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरल्याबद्दल त्याला 17 सेकंदांची शिक्षा झाली. तो पहिल्या दहांतून बाहेर फेकला गेला आणि तिसरे स्थान अंतोनियो फेलिक्स दा कोस्टाला मिळाले.

पुढची शर्यत 10 फेब्रुवारी 2024 ला ठरली होती. इथे तारखांचा क्रम बोलका आहे. 9 ऑक्टोबर 2023 ला विधानसभा निवडणूक जाहीर झाली. 30 ऑक्टोबरला राज्याच्या नगरप्रशासन विभागाशी यजमान शहराचा करार झाला. 30 नोव्हेंबरला मतदान झाले आणि डिसेंबरात सरकार बदलले. 5 जानेवारी 2024 च्या निवेदनात फॉर्म्युला ईने शर्यत रद्द झाल्याचे जाहीर केले. सरकार करार पाळणार नसल्याने ही वेळ आली, असे त्यात म्हटले होते. या व्यवहारातल्या पैशांवरून डिसेंबर 2024 मध्ये राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. त्यातला दोष-निर्दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे.

इतिहासाला एवढे निश्चित म्हणता येते, की मार्ग, गाड्या किंवा चालक यांतल्या कशामुळेही ही शर्यत बंद पडली नाही. ट्रॅकवर प्रत्येक किलोवॉटचा हिशोब झाला आणि मर्यादा मोडणाऱ्याला त्याच दिवशी शिक्षा मिळाली. करारातला प्रत्येक रुपया तितक्याच उघडपणे, सह्या होण्याआधी लोकांपुढे मांडायला हवा होता. महाराष्ट्रातल्या एखाद्या शहराने उद्या अशी शर्यत आणायचे मनावर घेतले, तर ट्रॅकच्या नकाशाआधी कराराचा मसुदा जाहीर करावा.